नम्र विनंतीची चार पत्रं

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुलांची डॉक्टर, आणि रोज ॲन आर्बरहून गाडी हाकत डेट्रॉईटच्या एका दवाखान्यात जायची. तिथे आठ वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी दम्याने बेजार होऊन दर पंधरवड्याला यायची. औषधाने बरी व्हायची, घरी गेली की छाती पुन्हा वाजायला लागायची. घराच्या भिंतींना बुरशी लागली होती. तिची आई सांगायची, याच घरमालकाच्या गोऱ्या वस्तीतल्या इमारतीत नुसता नळ गळला तरी दुसऱ्या दिवशी माणूस हजर. यांच्याकडे वर्षभर कोणी फिरकलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

मी मालकाला पत्रं लिहिली. एक नाही, चार. माझे वडील कलेक्टर कचेरीत कारकून; अर्ज कसा लिहावा ते मी त्यांच्याकडून शिकलेली. त्यामुळे राग पोटात आणि कागदावर 'आपणांस नम्र विनंती', शेवटी 'तसदीबद्दल क्षमस्व'. उत्तर एकाचंही नाही.

दर गुरुवारी आमच्या दवाखान्यात एक वकीलबाई बसायच्या. त्याही कृष्णवर्णीय, गरिबांचे खटले फुकट लढवायच्या. वकील दिसला की आता आपल्यावर दावा लागणार या धास्तीने आम्हा डॉक्टरांना घाम फुटायचा, म्हणून मी त्यांना टाळत होते. शेवटी पत्रांच्या नकला घेऊन गेले. चारही वाचून त्या खो खो हसल्या.

"डॉक्टर, भिंती त्याच्या आणि माफी तुम्ही मागताय? केसपेपरवर लिहिता तसं लिहा ना!"

पाचव्या पत्रात दोनच वाक्यं होती. या भिंतींमुळे या मुलीचा श्वास कोंडतो. हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. खाली माझी सही, शेजारी त्यांची, सोबत दोन्ही इमारतींचे फोटो.

आठवड्याभरात माणसं भिंती खरवडायला आली. वकीलबाई तेवढ्यावर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी अख्खी इमारत दुरुस्त करून घेतली. मला इतका आनंद झाला, की त्यांना घरी बोलावून बटाटेवडे खाऊ घातले. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी बाईंनी चौथा मागून घेतला.

वसंतात ती मुलगी शाळेचा फॉर्म घेऊन आली. तिला धावण्याच्या शर्यतीत उतरायचं होतं, त्यासाठी डॉक्टरचा अभिप्राय हवा होता. सवयीने मी सुरुवात केली, 'कृपया हिला परवानगी द्यावी...' मग ते खोडलं आणि लिहिलं: ही मुलगी धावेल.