पुढच्या सीटचा कायदा

नारायणगाव-राजुरी जीप चालवणारे गेणभाऊ फर्माईश घेत नाहीत. त्यांच्या शेजारी बसायचं, तर ते लावतील ते ऐकायचं, तेही आजवर कधी न ऐकलेलं. लग्नाच्या बँडवाल्याला त्यांनी गझल ऐकवली, कॉलेजच्या हर्षालीला कव्वाली. कुणी कुरकुरलं की म्हणतात, "मागं बसा राव, तिथं नुसतं इंजिन ऐकू येतं."

परवा भजनी मंडळातल्या गोजरबाई पुढं बसल्या. गेणभाऊंनी खुशाल कुठल्याशा परदेशी माणसाचा सॅक्सोफोन लावला. मागं आम्ही हसू दाबून बसलो. गोजरबाईंनी डोळे मिटले. राजुरी आली तरी त्या उतरेनात.

"थांब रं, संपू दे त्याचं."

संपल्यावर म्हणाल्या, "लई जीव ओतून वाजवतोय. आता माझं ऐक." आणि त्यांनी आईची जात्यावरची ओवी धरली. गेणभाऊंनी इंजिन बंद केलं.

परतीची माणसं दार बडवायला लागली. एरवी एका सीटसाठी गावभर हाका मारणारे गेणभाऊ त्यांच्यावरच खेकसले, "जरा दम धरा की! आज पुढच्या सीटवर मी हाय!"