पेशी चार्ज करून देणारं शिबिर

रज्जाकभाईंना जीपमधून उचलूनच उतरवलं. अंग लाकडासारखं ताठ, ताप फणफणलेला, थुंकीसुद्धा गिळता येईना. युसूफवडगाव या गावचे हे ट्रॅक्टर मेकॅनिक माझे जुने पार्किन्सनचे पेशंट. केजच्या ओपीडीत गेल्या खेपेला स्वतःच्या पायांनी आले होते.

"गोळ्या चालू आहेत ना?" मी त्यांच्या मुलीला, शबानाला विचारलं.

"न्हाई मॅडम. शिबिरातल्या साहेबांनी बंद करायला लावल्या. म्हनले, सलाईननं पेशींची ब्याटरी चार्ज केली हाय, आता गोळ्या कशाला खायच्या?"

माझं डोकंच सणकलं. या गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेततं. नाकातून नळी घालून त्याच गोळ्या विरघळवून दिल्या आणि त्यांना अंबाजोगाईला आयसीयूत हलवलं. मग मी थेट शिबिराच्या मंगल कार्यालयात गेले.

कोट घातलेले साहेब हसले. "मॅडम, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची बॅटरी. ती वीक झाली की पार्किन्सन. तुमच्याच पुस्तकात आहे."

अर्धं खरं होतं, म्हणून जास्त संताप आला. मायटोकॉन्ड्रिया पेशीला ऊर्जा देतात, पण एकट्याने नाही. शेजारी प्रथिनं घडवणारी जाळी असते, तिच्याकडून त्यांना कॅल्शियमचे निरोप येतात. एखादा मायटोकॉन्ड्रिया बिघडला की तो लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या सफाई खात्याकडे, पोचवावा लागतो. पार्किन्सनमध्ये हा आपसातला संवाद बिघडतो, कचरा साठतो आणि मेंदूतल्या पेशी मरत जातात, असं संशोधक सांगतात. हा संवाद पुन्हा जुळवणारं औषध अजून जगात कुणाकडे नाही.

"मग तुमच्या बाटलीत काय आहे?"

"आमचा खास फॉर्म्युला आहे."

मी वळून सलाईन लावलेल्या लोकांना ओरडून सांगितलं, "चालू गोळ्या कुणीही बंद करू नका!"

कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "तुमच्या गोळ्यांनी तरी कुटं बरं व्हतंय, बाई?"

"बरं होत नाही, आजोबा. पण माणूस हिंडतो-फिरतो, हातानं जेवतो."

आजोबांनी हातातली सुई काढायला लावली. बाकीचे पडूनच राहिले.

मी तालुका आरोग्य कार्यालयात तक्रार केली. अधिकारी म्हणाले, "व्हिटॅमिनच असेल हो मॅडम. कुणी दगावलंय का?" म्हणजे दगावेपर्यंत थांबायचं!

रज्जाकभाई वाचले. भिंत धरून चालतात, पाना मात्र हातात धरवत नाही. शिबिराचा बोर्ड आता दुसऱ्या तालुक्यात लागलाय.

एवढंच सांगते: गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडून ते सहीनिशी लिहून मागा. बहुतेकांचं पेन तिथंच अडतं.