टेस्टरचं गरीब मशीन

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसून माझ्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरने चांगल्या कॉम्प्युटरचा जेवढा अपमान केला, तेवढा जगात दुसऱ्या कोणी केला नसेल. कंपनीने त्याला मजल्यावरचं सगळ्यात दणकट मशीन दिलं होतं. हा गृहस्थ रोज आल्याआल्या त्याच्या पोटात दुसरं एक मशीन उभं करी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचा बनलेला कॉम्प्युटर; त्यात काहीही मोडलं तरी बाहेरच्या खऱ्याला ओरखडा उठत नाही. आम्हीही ते वापरायचो, पण त्याला पोटभर देऊन. हा मात्र हात आखडून बसे. मेमरी जेमतेम दोन जीबी, स्क्रीन लहानसा, मागे चित्रबित्र काही नाही. "अरे, थोडी मेमरी दे की त्याला, तुझ्या घरची जातेय का?" असं मी म्हटलं की म्हणे, "लाड केले की खोटं बोलतं रे ते." कोऱ्या मशीनची एक नक्कल त्याने जपून ठेवलेली असे. एक चाचणी झाली की वापरलेलं पुसायचं आणि नकलेवरून पुन्हा नवं उभं करायचं, असं त्याचं सोवळं दिवसभर चाले.

आमचं वाजे ते यावरूनच. एका दवाखान्यासाठी मी नंबर लावायचा फॉर्म केला होता. माझ्याकडे तो झकास पळे. याच्याकडे 'पुढे'चं बटण स्क्रीनच्या खाली गडप होई. "यार, असलं मशीन आज कोण वापरतं?" मी वैतागून विचारलं. "माझी आई," तो म्हणाला आणि त्याने डबा उघडला. मग कळलं की ते दरिद्री मशीन म्हणजे जोगेश्वरीच्या त्याच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल होती. आईला मोतीबिंदू होता आणि त्याच दवाखान्यात नंबर लावायचा होता. मुलगा लावून द्यायला तयार, पण त्या ऐकेनात. "माझा काम माका करूक दी," एवढंच म्हणत. मी बटण वर घेतलं, याने पुन्हापुन्हा तपासून होकार दिला, तरी आठवडाभर आईचा नंबर काही लागेना.

शनिवारी जोगेश्वरीला जाऊन आम्ही दोघे आईंच्या खुर्चीमागे उभे राहिलो. त्या डोळे बारीक करून एकेक अक्षर शोधत, मग एका बोटाने दाबत. पत्त्यापर्यंत पोचल्या आणि स्क्रीनवर आलं, 'वेळ संपली आहे.' "रोज असाच म्हणता," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझोच हात चलना नाय." ती दहा मिनिटांची मर्यादा मीच घातली होती. याने आईचं मशीन बारीकसारीक गोष्टींसकट उतरवलं होतं, पण त्यावर हात चालवला होता तो स्वतःचा, भराभर टाइप करणारा. त्याचा चेहरा पडला. "सॉरी, आई," तो म्हणाला. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही.

सोमवारी मी मर्यादा काढून टाकली. तो मात्र त्या दिवसापासून एका बोटाने, अक्षर शोधत शोधत फॉर्म भरू लागला. एका फॉर्मला पाऊण तास. सगळा मजला हसला, मीही हसलो. त्याच आठवड्यात आईंनी आपला नंबर आपण लावला.

पुढे त्याने नोकरी बदलली. त्याच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, माझे फॉर्म ती दोन मिनिटांत पास करते. मला त्याची फार आठवण येते.