सोबत: वरीलप्रमाणे

जावककाका नमस्काराच्या आधी तारीख विचारत. ती कळली की कपाळावरचा चष्मा नाकावर येई, रजिस्टर उघडे आणि मग समोरच्या माणसाकडे लक्ष जाई. आमच्या वाशीच्या केंद्रातून चहाची चिठ्ठीसुद्धा जावक क्रमांक पडल्याशिवाय खालच्या टपरीवर गेली नाही.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक ताई. मनाच्या आजाराने घरी बसलेली माणसं दिवसा तिथे येत, पाकिटं चिकटवत, ताईंशी बोलत. म्हणजे ताई मोकळ्या असल्या तर! एरवी त्या फॉर्म भरत. नोंदणीचा, नूतनीकरणाचा, जागेचा. प्रत्येकी चार प्रती. दिवाळे गावची एक मासेवाली भावाला घेऊन तासभर ताटकळली. उठताना म्हणाली, "ताय, येडा कोन हाय? माजा भाव का तुजा कागुद?"

पुढे काकांनीच सगळे कागद आपल्या टेबलावर ओढून घेतले. निवृत्त हेडक्लार्क, सेवाभावाने येत असतील, असं मी धरून चालले.

त्या सुमारास वेड्यांचा जुना कायदा जाऊन नवा यायचा होता आणि समितीने सूचना मागवल्या होत्या. आमची मागणी सरळ होती: लहान संस्थांचे कागद सांभाळायला कायद्यानेच एक सामाईक कचेरी द्या, म्हणजे ताई माणसांच्या वाट्याला येतील. मी पत्रकांवर वाढलेली. निवेदनात नऊ उद्गारचिन्हं आणि चार धिक्कार घातले. काकांनी तांदळातले खडे वेचावेत तसे सगळे काढले.

"घोषणाबाई, उद्गारचिन्ह फायलीत टोचतं. आणि खाली 'आपली नम्र' राहिलं."

"मी नम्र नाही."

"नसा हो! नम्र हा स्वभाव नाही, ते पद आहे."

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. समितीच्या साहेबांनी निवेदन दोन बोटांत धरलं. "कारकुनासाठी कायदा? बाई, ही मागणी आजाऱ्यांची की कारकुनांची?"

मी बाह्या सरसावल्या. काकांनी मला खुणेने बसवलं. "साहेब, सोबतचं जोडपत्र पाहावं."

जोडपत्र म्हणजे केंद्रातला एक केसपेपर. वर नाव, खाली तीन महिन्यांचे रकाने कोरे.

"हा पेशंट तीन महिने बाकावर बसून होता," काका म्हणाले. "ताई फॉर्म भरत होत्या. शेवटी पेशंटनेच फॉर्म भरायला घेतले, तेव्हा त्याचा नंबर लागला. पेशंट मीच. सबब, मागणी दोघांचीही आहे."

साहेबांनी निवेदन दोन्ही हातांत घेतलं. ताईंनी मान खाली घातली. आणि मी? 'वेडा म्हणू नका' अशी पत्रकं गावभर वाटणारी मी! इतका टापटिपीचा माणूस आजारी असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

कायदा आला. त्यात आमचं कलम नव्हतं. मी दिवसभर थयथयाट केला. काका रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाले, "जावक झालंय ना? पोच यायची आहे, एवढंच. स्मरणपत्र काढा."

पुढच्या वर्षी ते भावाकडे गुहागरला कायमचे गेले. निघताना आधी तारीख विचारली, रजिस्टर उघडलं आणि स्वतःच्या हाताने नोंद केली: 'जावक: स्वतः. प्रकृती बरी. सोबत: काही नाही.'

ते जिना उतरल्यावर मी त्याखाली लिहिलं, 'पोच द्यावी. आपली नम्र.'

त्या वेळी ते पद नव्हतं.