बिनमाणसाची गाडी

हल्ली वर्तमानपत्रात बंदुका लावलेल्या, बिनमाणसाच्या लढाऊ गाड्यांच्या बातम्या येतात. नातवंडं त्या मला कौतुकाने वाचून दाखवतात. मी त्यांना गप्प बसवतो. म्हातारा खडूस झाला म्हणतात, म्हणोत.

माझा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीला होता. तिथे त्याने शत्रूची एक गाडी पाहिली होती. खाटेएवढी ठेंगणी, लोखंडी पट्ट्यांवर सरपटणारी, पोटात सुरुंगाची दारू भरलेली. वर माणूस नाही. मागे लांब तार, आणि तारेच्या टोकाला आडोशाला बसलेला चालवणारा. तार तोडली की गाडी थांबे. भावाने एकदा ती तोडली होती. दुसऱ्यांदा त्याला उशीर झाला आणि त्याच्या खंदकातले चौघे गेले.

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या खेड्यात हे ऐकून लोक हसायचे. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? आमच्या बैलांना घराची वाट पाठ. गाडीवान कुठे रेंगाळला की कासरा जुवाला गुंडाळून बैल हाकलून द्यायचा. गाडी आपली आपण यायची. पण तशी गाडी दिसली की भाऊ दोन-दोन दिवस जेवायचा नाही. शेवटी मायने घरोघर हात जोडले, की गाडीवर माणूस बसवत जा. गावाने ऐकलं. मला तर तिने शपथच घातली.

पन्नास सालानंतर कुठे तो सावरला. एका वर्षी धान कापणीला स्वतःहून खळ्यावर आला, भारे रचू लागला. माय त्याच्यासाठी पोरगी पाहायचं बोलू लागली.

त्याच दिवसांत एका दुपारी मी शेतातून भारे घेऊन निघालो. वाटेत बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्याच्या, पाळीवर दोस्त मासे भाजत होते. खळं समोर दिसत होतं. शपथ विसरलो नव्हतो. भाऊ आता बरा आहे, असं माझं मीच ठरवलं. बैल हाकलले आणि खायला बसलो.

खळ्यावर पोचलो तेव्हा बैल निवांत तणस खात होते. माय डोक्याला हात लावून बसली होती. भावाने सगळ्यांना जमिनीवर पडा म्हणून सांगितलं होतं, पण कोणी पडलं नव्हतं. आता तो विळा घेऊन गाडीमागे गुडघ्यांवर रांगत होता, माती चाचपत होता.

"भाऊ, मीच धाडली गाडी," मी म्हणालो. "मासे खाऊन राह्यलो होतो."

"तार कुठी हाये?"

"तार नाई, भाऊ. आपलीच गाडी हाये."

तो उठून उभा राहिला. रागावला नाही.

"बिनतारेची आली," तो म्हणाला. "मंग आता तोडाचं काय?"

विळा माझ्या हातात देऊन तो घरी गेला, आणि पुढे कुठल्याच कामाला त्याने हात लावला नाही. पोरगी पाहायचं मायने सोडून दिलं. मला तिने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी गाडीवर ताठ उभा राहून, मोठ्याने गात घरी यायचो, गाडीवर माणूस आहे हे त्याला दुरून दिसावं म्हणून. ओसरीवरून तो मला नीट बघायचा, आणि तरी उठून आत जायचा.