सतरावं पान दोनदा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि तिचं वाटोळं मी एकट्यानं केलं. (आई म्हणते, तिचाही त्यात हात होता. पण तिचा फक्त हात होता, डोकं माझं होतं.)

तेव्हा मी कोल्हापुरात एका हायस्कुलात सायन्स शिकवत होतो, आणि इथल्याच एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहीत होतो. म्हणजे सगळ्या पुस्तकांची नव्हे. कविता, चरित्रं असली मानाची पुस्तकं कॉलेजातल्या प्राध्यापकांकडं जायची. संपादक मला म्हणाले होते, "मास्तर, तुम्ही सायन्सवाले. रॉकेट, राक्षस, पऱ्या, जादूगार, जे जे खोटं असेल ते सगळं तुमच्याकडं!"

माणूस चंद्रावर जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि आमच्या जिल्ह्यात तालुक्यागणिक एक तरी माणूस रॉकेटवर कादंबरी लिहीत होता. पोस्टमन सायकलवरूनच ओरडायचा, "मास्तर, आलं तुमचं आभाळातलं!"

चैत्रात एका सकाळी असंच एक पार्सल आलं. 'मंगळावरची तिसरी पाळी', लेखक जयसिंगपूरचे एक कंपाउंडर, मगदूम. आत पुस्तक नव्हतं, नुसते छापील फर्मे होते. (फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक मोठा कागद. घड्या घालून शिवला की पुस्तक होतं, उलगडला की चादर!) छापखान्यातली बाइंडिंगची माणसं जोतिबाच्या यात्रेला गेली होती, आणि परीक्षण तर येत्या रविवारीच हवं होतं. मी पहिला फर्मा पिशवीत टाकला, बाकीचे खाटेवर ठेवले आणि शाळेत पळालो.

संध्याकाळी घरी येतोय तर गल्लीत मंगळ उडत होता! एक कागद विजेच्या तारेवर, एक शेजारच्या म्हशीच्या शिंगावर, आणि दोन बाया पदर खोचून तिसऱ्याच्या मागं धावत होत्या. गच्चीवरून आई ओरडत होती, "धरा गं, मिरच्या ऱ्हाऊंद्या, कागद धरा! मास्तराचं हायती!"

झालं होतं ते असं. वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळवायला आईला कागद हवे होते. घरात चादरीएवढे कोरे करकरीत कागद असताना (दोन्ही बाजूंनी छापलेले, पण आईच्या लेखी कोरेच) ती शेजारी मागायला कशाला जाईल? ऐन वाळवणात वावटळ आली, आणि मिरच्या व साहित्य एकदमच उडालं.

"सगळे सापडले का?" मी विचारलं.

"येक सोडून समदं. त्येच्यात शेजारच्या काकूंना लसणाचा वानवळा बांधून दिलाय. त्येवढ्यानं काय हुतंय?"

मलाही वाटलं, तेवढ्यानं काय होतंय. पिशवीतला पहिला फर्मा वर ठेवून गठ्ठा उचलला आणि दस्तगीरचाचांकडं गेलो. चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे बाइंडर. शाळेचे हजेरीपट, देवळाच्या पोथ्या, मशिदीतली पुस्तकं, सगळं त्यांच्या सुईखालून जायचं. त्यांनी फर्मे झटकले, दोनदा शिंकले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मास्तर, ह्ये सतरावं पान दोनदा आलंय बगा."

"डबल पाठवला असेल एखादा फर्मा."

"तेहतीसबी दोनदा हाय. एकोणपन्नासबी."

"मग सगळेच डबल पाठवले असतील. एकेक घ्या आणि शिवून टाका."

"पन दोन्ही सतरा सारखी न्हाईत की! ह्यात आभाळातलं इमान हाय, त्यात राणी हाय."

यावर मी जे बोललो ते आठवलं की आजही मला जेवण जात नाही. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही शिवायचं बघा. साहित्याचं माझ्यावर सोडा."

चाचांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सुईत दोरा ओवला. "उरल्यालं काय करू?"

"टाकून द्या!"

शिवलेलं पुस्तक घेऊन मी वाचायला बसलो. कॅप्टन रणवीर मंगळाकडं निघाला, सोळाव्या पानावर त्याच्या रॉकेटचं तेल संपलं, आणि सतराव्या पानावर केवडा नावाची राजकन्या तळ्याच्या तळाशी बसून रडत होती. ती कुठून आली हे कुणी सांगेना. तेहतिसाव्या पानावर रणवीर पान्हा घेऊन नटबोल्ट आवळत होता. त्याला राजकन्येची आठवणसुद्धा नाही! एकोणपन्नासाव्या पानावर जादूगारानं तिचे केस कापून त्यांचा पूल बांधला. तेवढ्यात रॉकेट उतरलं. पुलावर नव्हे, मंगळावर!

आता शहाण्या माणसानं पुस्तक मिटून विचार केला असता. पण मागं एकदा एका नव्या धर्तीच्या कादंबरीला मी 'अगम्य' म्हणालो होतो, आणि प्राध्यापक मंडळी मला महिनाभर हसली होती. म्हटलं, हे काहीतरी नवं असणार. कळलं नाही असं लिहायचं नाही! त्यात पानापानाला मिरचीची पूड. मी शिंकत होतो, डोळे पुसत होतो. चहा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. "इतकं दुःखी आहे का हो?"

परीक्षण दणकेबाज झालं. रॉकेटचा भाग डोक्यावर घेतला. 'लेखकाला यंत्राचे अंतःकरण कळते, वाचताना डोळ्यांना धारा लागतात,' असं लिहिलं. (हे अक्षरशः खरं होतं.) पण नुसती स्तुती केली तर परीक्षक कसला? म्हणून राजकन्येवर घसरलो. 'मधूनच एक राजकन्या येते, रडते आणि जाते. ही पाने लेखकाने स्वतः लिहिली नसून एखाद्या पेन्शनर गृहस्थाकडून दुपारी जेवणानंतर, अर्धवट झोपेत लिहून घेतली असावीत.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते आईला दोनदा वाचून दाखवलं.

रविवारी सकाळी बायकोनं, म्हणजे शालूनं, पुरवणी उघडली. वाचता वाचता तिचा चहा निवला.

"ही केवडा तुम्हाला कुठं भेटली?"

"पुस्तकात आहे."

"तळ्याखाली सात वर्षं राहते?"

"हो."

"आणि तिच्या केसांचा पूल बांधतात?"

"तुला कसं माहीत?"

शालूचा आवाज बारीक झाला. "ही आप्पांची गोष्ट आहे. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मी जेवायची नाही, म्हणून आप्पा एकेका घासाला ही गोष्ट थोडी थोडी सांगायचे. आम्हा दोघांशिवाय जगात कुणालाही ठाऊक नाही ती."

आप्पा म्हणजे माझे सासरे. मलकापूरला कचेरीत कारकून होते, वर्षापूर्वीच रिटायर झाले होते. मी ताडकन उठलो. "म्हणजे त्या कंपाउंडरनं चोरली!"

(इथं तरी थांबायचं की नाही?)

तासाभरात दार वाजलं. दारात धोतर-कोट घातलेले, छत्री काखेत धरलेले एक किरकोळ गृहस्थ. "मी मगदूम. जैसिंगपूर. सक्काळच्या गाडीनं आलो बघा."

"या, चोर!" मी म्हणालो.

बिचारे उंबऱ्यातच बसले. "चोर म्हना, काय बी म्हना, पन माज्या रॉकेटात बाई न्हाय हो! यका बी पानावर न्हाय! आमच्या घरात वाचून दावलं तर बायको म्हनती, कोन ही केवडा? दोन तास झालं, ती माज्याशी बोलंना झालीया!"

"पुस्तकात छापलंय!"

"मी लिवलंय की न्हाय लिवलं, मला ठावं न्हाय व्हय?"

आम्ही दोघं तावातावानं भांडत असतानाच त्यांच्या मागं आणखी एक सावली पडली. खांद्यावर भला मोठा फणस घेतलेले आप्पा! पेपर त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता. त्यांनी फणस खाली ठेवला, पाय धुतले, पाणी प्यायले आणि खुर्चीत बसले. चिडले असते तर मी निभावून नेलं असतं. पण ते माझ्याकडं अतिशय आदरानं बघत होते.

"जावईबापू, एक विचारू?"

"विचारा ना."

"दुपारी जेवून लिहिलेलं तुम्ही कसं ओळखलंत?"

मगदुमांनी काखेतली छत्री हळूच खाली ठेवली.

"सकाळी बागेला पाणी घालायचो," आप्पा शांतपणे सांगू लागले, "म्हणून दुपारीच बसायचो. डुलकी लागायची हे खरं आहे. शालूला सांगितलं नव्हतं. म्हटलं, पुस्तक एकदम हातात पडावं. छापखान्याला सांगितलं, जावयांच्या पत्त्यावर परस्पर पाठवा. आणि आज सगळ्या मलकापुराला पेपर घ्यायला लावला मी."

शालूनं माझ्याकडं पाहिलं. मी आईकडं पाहिलं.

"आई, त्या दिवशी पार्सलं किती आली होती?"

"दोन की! येक सकाळी, येक दुपारी. तू कवा इचारलंस?"

"आणि काकूंना जो कागद दिला..."

"त्यो दुसऱ्या पार्सलातला, वरचाच. त्येच्यावर मोठ्ठी मोठ्ठी अक्षरं हुती बघ."

मोठमोठी अक्षरं म्हणजे कादंबरीचं नाव, माझ्या सासऱ्यांचं नाव आणि (हे मला काकूंकडनं लसणाच्या वासासकट परत मिळालं तेव्हा कळलं) खाली एक ओळ: 'चि. शालूस, जेवल्याबद्दल.'

मी अनवाणी चाचांकडं धावलो. जमिनीनं मला पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण मंगळवार पेठेतली जमीन फार कडक. चाचा रविवारीही बसले होते.

"चाचा, ते उरलेले फर्मे... टाकलेत?"

"तुमी टाका म्हनला व्हता." त्यांनी मागच्या फळीवरून एक शिवलेलं पुस्तक काढलं. "मी शिवून ठिवलं. छापल्यालं मी टाकत न्हाय. ह्यात बी मधनंच इमान येतंय बगा."

मग उरलेला रविवार आमच्या बाहेरच्या सोप्यात जे चाललं ते बघायला गल्ली लोटली. दोन्ही पुस्तकांचे टाके उसवून मधे ढीग घातला. एका बाजूला मगदूम, दुसऱ्या बाजूला आप्पा. "रॉकेट!" "हे तुमचं!" "राणीसायेब, घ्या तुमचं!" आणि सगळे एकसारखे शिंकत. दोघांची अशी गट्टी जमली की जेवायला ते शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांना आग्रह करू लागले. मला कुणी वाढलं नाही.

पुस्तक जुळल्यावर आप्पांनी शेवटचं पान शालूला वाचून दाखवलं. त्यात केवडा पुलाच्या मधोमध थांबते आणि तळ्याकडं परत वळते.

शालू म्हणाली, "असा नव्हता शेवट. ती घरी यायची."

"तुला जेवायला घालायचं होतं म्हणून यायची," आप्पा म्हणाले. "लिहायला बसलो तेव्हा काही केल्या येईना."

शालूनं डोळ्यांना पदर लावला. मिरचीमुळं नव्हे, एवढं मलाही कळलं.

सोमवारी मी संपादकांसमोर उभा राहिलो, सगळं कबूल केलं आणि दोन्ही पुस्तकांची नवी परीक्षणं पुढं केली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाहीत. पुढच्या रविवारी कोपऱ्यात दोन ओळी आल्या: 'गेल्या अंकातील परीक्षण एका नव्हे, दोन पुस्तकांचे होते. वाचकांनी कृपया तसे समजून वाचावे.' त्या दिवसापासून राक्षस, रॉकेट आणि पऱ्या दुसऱ्या कुणाकडं तरी जाऊ लागल्या.

आप्पांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. शालूही काही बोलली नाही. फक्त घरी कुणी पाहुणे आले की ती माझी ओळख करून देते, "आमचे हे लिहितात हं." वाचतात, असं मात्र तिनं आजवर एकदाही म्हटलेलं नाही!