ओब्दुलियाबाईंची खुर्ची

तर त्या भुकेल्या इंग्रज म्हाताऱ्या-म्हातारीला ओब्दुलियाबाईंनी थेट कबरस्तानाच्या चढणीला लावलं, इथवर काल आलो होतो. आणि गंमत ऐका, ती दोघं शोधत होती ते इंडियन रेस्टॉरंट बाईंच्या पाठीलाच टेकलेलं! पाटी दिसणार कशी? पाटीवर बाईंच्या ओल्या चादरी लोंबत होत्या, आणि चादरींपुढे खुर्ची टाकून खुद्द बाई.

सगळ्या भांडणाचं मूळ ती खुर्चीच. सान सेराफिन म्हणजे समुद्राकाठचं निवांत स्पॅनिश गाव. उन्हं उतरली की बायका दाराबाहेर खुर्च्या टाकून वाऱ्याला बसतात. बाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांची खुर्ची त्याच फरशीवर. नवरा गिनेस गेला, त्या आठवड्यातही संध्याकाळी त्या तिथेच बसल्या होत्या. आणि आता शेजारच्या जाळ्यांच्या वखारीत जालंधरच्या बलकार सिंगानं तंदूर पेटवला, वर गल्लीत टेबलं मांडायची नगरपालिकेची परवानगीही आणली. टेबलं नेमकी बाईंच्या फरशीपर्यंत!

"दोन्या ओब्दुलिया, खुर्ची जरा आत घ्याल का?" त्यानं पहिल्याच दिवशी हात जोडून, तिकडच्या रीतीनं 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब म्हणत विचारलं.

"तू जरा जालंधरला जाशील का?" बाई म्हणाल्या.

झालं. बाईंनी मनाशी घट्ट ठरवलं, याला गिऱ्हाईक मिळू द्यायचं नाही. थंडीच्या आत यानं शटर ओढून जायला हवं, म्हणजे फरशी आपली ती आपली. कुणी करीच्या आशेनं वाट विचारली की बाई कधी नव्हे त्या गोड हसायच्या. "वर जा, अगदी वर. पांढरी भिंत लागली की आलंच." पांढरी भिंत कबरस्तानाची! लालबुंद चेहऱ्याचे पेन्शनर टोपीनं वारा घेत चढण चढायचे.

शेजारीण फुएन्सांता हसून हसून डोळे पुसायची. "अगं बये, जित्या माणसांना तिकडे काय धाडतेस?"

"याच्या हातचं खाल्लं तरी तिथेच जायचं ना? मी मधली खेप वाचवते."

बलकारही काही गरीब गाय नव्हता. बाई दुपारी लवंडल्या की तो चादरी उतरवून, नीट घड्या घालून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवायचा. बाई उठून त्या पुन्हा भिजवायच्या. त्यानं भांगडा लावला की या रेडिओवरची जपमाळेची प्रार्थना गल्लीभर घुमवायच्या.

उन्हाळा सरला. टेबलं ओस पडली. पण बलकारच्या तोंडावर काळजीचा मागमूस नाही! उलट मिशीत हसून म्हणायचा, "दोन्या, कालची मंडळी झकास होती हं. पाठवत राहा."

"याचं डोकं फिरलं," बाई फुएन्सांताला म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

नोव्हेंबरात मृतांच्या सणाला दोघी शेवंती आणि फडकं घेऊन वर निघाल्या, गिनेसची शिळा पुसायला. पांढरी भिंत लागली आणि बाईंच्या नाकात जिऱ्याच्या फोडणीचा वास शिरला. कबरस्तानाच्या फाटकासमोर, फुलवालीच्या जुन्या पत्र्याच्या टपरीच्या जागी, चकचकीत पाटी! खाली इंग्रज मंडळी बोटं चाटत बसलेली.

आतून ॲप्रन बांधलेला तरुण धावत आला. "तुम्हीच ना दोन्या ओब्दुलिया? मी निर्मल, बलकारदाजींचा मेव्हणा. अहो, रोज इतकी भुकेली माणसं इथे येऊन हॉटेल कुठे म्हणून विचारायची, की फुलवाली कंटाळून गेली. तिनं दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, मग तिथेच काढू या की! बसा ना, काय वाढू?"

बाईंनी फाटकातून आत पाहिलं. तिथल्या रीतीनं भिंतीतल्या कोनाड्यात पुरलेल्या गिनेसच्या शिळेवरचा फोटो बरोब्बर तंदूरकडे तोंड करून. फुएन्सांतासुद्धा या वेळी हसली नाही. बाईंनी शेवंती तिच्या हातात कोंबली, फडकं कमरेला खोचलं आणि निर्मलकडे वळल्या.

"वाढायला काही नको, खुर्ची आण. इथे, तुझ्या दारात, मधोमध ठेव. सकाळी मी इथे बसणार, संध्याकाळी खाली. आणि तुझ्या दाजीला म्हणावं, खुशाल तिसरं काढ. माझ्या घरात खुर्च्या पुष्कळ आहेत."